चारशे शब्दांची चिनी

यांत्रिक हाताने मागाच्या बीमवर, सूत गुंडाळलेल्या दांड्यावर, तळवा टेकवला. तो क्षणभर तसाच राहिला, मग रिकाम्या हवेत वर गेला आणि जमिनीपासून बरोबर एकशे बेचाळीस सेंटिमीटर उंचीवर थांबला. तिथे काहीही नव्हतं. ना कळ, ना दिवा, ना सूत. मग तो खाली आला आणि त्याने माग चालू केला.

डॉ. हेमलता आठल्ये यांनी हे बाराव्यांदा पाहिलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्या हस्तकौशल्य प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि समोरचं यंत्र त्यांच्याकडे सरकारी चौकशी समितीने पाठवलं होतं. त्याचं नाव स्वयंजॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा कारागीर. सूत का तुटतंय, ताण कुठे चुकलाय, हे तो कानाने आणि तळहाताने ओळखतो. तेच काम हे छताच्या रुळावरून फिरणारं दोन हातांचं यंत्र करत होतं, आणि चांगलं करत होतं. बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, यंत्र आपलं आपण शिकलं. इचलकरंजीच्या इंदुमती म्हेत्रे या बावन्न वर्षांच्या बाईचं म्हणणं, तो हात माझा आहे.

समितीला विज्ञानाकडून एवढंच हवं होतं: हात कोणाचा? इंदुमतीचा ठरला तर यंत्रं थांबणार होती आणि इचलकरंजीतले चारशे तीस जॉबर कामावर परतणार होते. नाही ठरला, तर घरी बसलेले घरीच.

हे प्रकरण वर्तमानपत्रांनी आधीच नासवून ठेवलं होतं. 'यंत्राशी भांडणारी बाई' म्हणे. अहो, जिने छत्तीस वर्षं यंत्राशिवाय दुसऱ्या कशात जीव घातला नाही, ती यंत्राशी कशाला भांडेल? ती चोरांशी भांडत होती. पण चोर इस्त्रीच्या कपड्यांतले असले की आपल्याकडे चोरीला आधी दुसरं नाव शोधतात.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी इचलकरंजीत चीनमधून नवे माग आले. भक्कम माग, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. फक्त त्यांच्या पडद्यावर जे उमटायचं ते चिनी लिपीत, आणि सोबतचं पुस्तकही चिनीत. माग अडला की सुरतेहून माणूस येणार, तोही आठ दिवसांनी. इंदुमतीला सगळे अक्का म्हणत. वडिलांच्या हाताखाली सोळाव्या वर्षी तिने पाना धरला होता. माग आपल्यासमोर बंद पडलाय, काय बिघडलंय ते पडद्यावर लिहून सांगतोय आणि आपल्याला वाचता येत नाही, हा तिला स्वतःचा अपमान वाटला. त्याच आठवड्यात तिच्या फोनवर 'पूर्वद्वार'ची जाहिरात आली: चिनी भाषा आणि संस्कृती, घरबसल्या, संपूर्ण मोफत, प्रमाणपत्रासह.

अक्काने नाव घातलं. तिचं बघून बाकीच्या जॉबरांनीही घातलं. फुकट ते पौष्टिक, असा एकूण हिशेब.

बाकीच्यांचं सोडा, अक्का त्यात रमली. पडद्यावर शेन लाओशी नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई शिकवायच्या. लाओशी म्हणजे शिक्षक. त्यांचा आवाज असा मऊ, की अक्का जेवण झाल्यावर रोजचा तासाभराचा पाठ चुकवायची नाही. कुंचल्याने अक्षर काढताना कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हे तिने दुपारच्या सुट्टीत तेलाच्या बोटाने लादीवर गिरवलं. चहा ओतणाऱ्याचे आभार तिकडे टेबलावर दोन बोटं टकटकवून मानतात हे कळल्यावर ती कारखान्यासमोरच्या गाड्यावर तसंच करू लागली, आणि गाडेवाल्याला वाटे की अक्का घाईत आहे. वसंतात तिकडची माणसं पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायला जातात हे शिकली त्या दिवशी तिने घरी सांगितलं, की मेलेल्यांची आठवण काढायची रीत माणसाला सगळीकडं लागतेच. सहा महिन्यांत ती मागाचा पडदा वाचू लागली. सुरतेच्या माणसाच्या खेपा बंद झाल्या.

प्रत्येक पाठाच्या शेवटी शेन लाओशी एक प्रश्न विचारायच्या. आज कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय केलंत? सूत तुटलं तर काय करता? पायरी पायरीने चिनीत लिहा, मापं द्या. तीन वर्षांत अक्काने अशी नऊशे उत्तरं लिहिली. आणि मग एका चैत्रात कारखान्याच्या छताला रूळ बसले आणि मालकाने जॉबरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाता जाता अक्काने त्या नव्या यंत्राला काम करताना पाच मिनिटं पाहिलं. ते यंत्र तिच्यासारखा कान देत होतं, तिच्यासारखं थांबत होतं.

आठल्येबाईंना हे सगळं कागदोपत्री ठाऊक होतं. त्याचा अर्थ लागत नव्हता. म्हणून त्यांनी डॉ. वाळिंबे यांना बोलावलं. वाळिंबे तीस वर्षं विद्यापीठात चिनी शिकवून निवृत्त झालेले भाषाशास्त्रज्ञ. अक्काची नऊशे उत्तरं त्यांनी चार दिवस बसून वाचली आणि पाचव्या दिवशी प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"हेमलता, तू आयुष्यभर कारागिरांना विचारत आलीस, की तुमचा हात कसा चालतो ते सांगा. काय सांगतात ते?"

"काही नाही. 'जरा सैल सोडायचं, मग अंदाज येतो.' जे हाताला येतं ते तोंडाला येत नाही. हस्तज्ञानाचं सगळं घोडं तिथेच अडतं. ते सांगता आलं असतं तर यंत्राला कधीच शिकवलं असतं."

"मायबोलीत सांगता येत नाही," वाळिंबे म्हणाले. "कारण मायबोलीत 'जरा' आहे, 'बेताने' आहे, 'अंदाज' आहे, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढं पुरतं. आता त्याच बाईला चारशे शब्दांच्या चिनीत सांगायला लाव. 'बेताने' तिला येतच नाही. मग ती हे लिहिते."

त्यांनी एका उत्तराचं भाषांतर पुढे ठेवलं. 'स्क्रू फिरवा. पाव वळसा. थांबा. ऐका. आवाज कोरडा. पावाचा अर्धा फिरवा. ऐका. आवाज ओला. आता सोडा.'

आठल्येबाईंनी तो कागद तीनदा वाचला. तीस वर्षं कॅमेरे लावून, हातमोज्यांत तारा घालून त्यांना जे मिळालं नव्हतं ते एका बाईने गृहपाठ म्हणून लिहून दिलं होतं.

"शब्द कमी पडले की माणूस कामाचे बारीक तुकडे करतो," वाळिंबे म्हणाले. "आणि यंत्राला नेमके तेवढेच तुकडे हवे असतात. याला मी अल्पशब्द सिद्धान्त म्हणेन. पूर्वद्वार या स्वयंजॉबरवाल्या कंपनीचंच; तिला तो आपल्या आधी कळला, एवढंच. म्हणून शिकवणी फुकट. त्यांना चिनी शिकणारे नको होते, अडाण्यासारखं बोलायला लागलेले जाणते कारागीर हवे होते."

"पण तीन वर्षांनी तरी तिला चारशेहून जास्त शब्द यायला हवे होते ना?"

"तेच तर," वाळिंबे म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला. "चारशेच्या पुढचा पाठ उघडतच नाही. संस्कृतीचे पाठ देतात, सणवार देतात, सगळं त्याच चारशे शब्दांत. पुढचं दार मागितलं की 'तुमची अजून तयारी नाही' असा निरोप येतो. अडीच वर्षं त्या बाईला असा निरोप येतोय. तिला चिनी येऊ द्यायचीच नव्हती त्यांना. आली असती तर ती पुन्हा 'बेताने' म्हणाली असती."

आठल्येबाई तशा शांत स्वभावाच्या. पण दुसऱ्या दिवशी अक्का मोजमापांसाठी प्रयोगशाळेत आली आणि चहा घेता घेता म्हणाली, की चारशेच्या पुढं काय माझं डोकं चालंना बाई, वय झालं आता, तेव्हा त्यांना कप खाली ठेवावा लागला. या हुशार बाईला अडीच वर्षं आपण मठ्ठ आहोत असं वाटत होतं. चोरी केली ती केली, वर जिच्या घरात चोरी केली तिलाच स्वतःला कमी लेखायला लावलं. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?

एकशे बेचाळीसचं कोडं मग सोपं झालं. मायबोलीत सांगताना माणूस काम आणि रीत वेगळी ठेवतो. तोडक्या भाषेत दोन्हींची पायरीच होते. 'कामावर पहिल्यांदा काय करता?' या प्रश्नाला अक्काने लिहिलं होतं: 'तळवा बीमवर. मग हात कपाळाला. एकशे बेचाळीस सेंटिमीटर.' मापं द्या म्हटलं होतं, तिने पट्टी लावून दिलं होतं. आठल्येबाईंनी अक्काला भिंतीशी उभं केलं आणि मोजलं. कपाळ एकशे बेचाळिसावर. यंत्र रोज सकाळी अक्काच्या उंचीचा नमस्कार करत होतं.

पण मग आणखी एक गंमत निघाली. चारशे बारा जॉबरांच्या उत्तरांत कपाळ एकशे बेचाळिसावरच होतं. त्यात महादेव लिगाडे होता, सहा फूट उंच. विचारलं तेव्हा अक्का ओशाळली. गडी दिवसभर राबायचे, गृहपाठ कोण करणार. ग्रुपवर उत्तर मागायचे, ती टाकायची, आणि सगळे जसंच्या तसं उतरवायचे. कपाळाची उंचीसुद्धा स्वतःची लिहायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. पूर्वद्वारवर उत्तरं गोळा करून स्वयंजॉबरला शिकवणाऱ्या शिक्षकयंत्राला कॉपी हा प्रकार माहीत नव्हता. त्याने सरळ हिशेब केला, की एका गोष्टीवर चारशे बारा जाणत्यांचं शब्दाला शब्द एकमत आहे. तेव्हा या उत्तरांइतकं खात्रीचं त्याच्याजवळ जगात दुसरं काही नव्हतं.

वाळिंब्यांनी शेन लाओशींनाही शोधून काढलं. त्या खऱ्या होत्या. शाओशिंग शहरात राहणाऱ्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगार. त्यांनी शंभर धडे वाचून दिले होते, लहान मुलांसाठी म्हणून. यंत्रांबद्दलचे प्रश्न त्यांनी कधी विचारलेच नव्हते. त्यांचा आवाज उचलून शिक्षकयंत्र विचारत होतं. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्या बाईला सांगा, मी पण जॉबर होते. आणि कंपनी तरी कुठली? ना चीनची, ना आपली. नोंदणी कुठल्याशा बेटावर, जिथे तिचं एक कपाट होतं म्हणे.

एवढा पुरावा घेऊन आठल्येबाई समितीपुढे गेल्या. कंपनीतर्फे मोहित तलवार नावाचे वकील होते. त्यांनी आवाज न चढवता सगळं मान्य केलं आणि तरीही काहीच मान्य केलं नाही. इंदुमतीजींनी शिकवणीच्या अटी मान्य केल्या होत्या, असं ते म्हणाले. त्या अटी सत्तेचाळीस पानांच्या आणि इंग्रजीत होत्या हे आठल्येबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग त्यांनी मुख्य मुद्दा मांडला, की यंत्राचं ज्ञान हे यादीसारखं नसतं. आमटीत मीठ पडलं की ते वेगळं काढता येत नाही, तसं एका माणसाचं शिकवणं यंत्रातून वेगळं काढता येत नाही. तो नमस्कारसुद्धा काढून टाकायचा आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही. जे वेगळं काढून दाखवता येत नाही ते अमक्याचं म्हणून कसं सांगणार?

समितीने ते उचलून धरलं. निकालपत्रात वाक्य होतं: 'सदर ज्ञान मिश्र स्वरूपाचे असल्याने त्याचे कर्तृत्व निश्चित करता येत नाही.' म्हणजे शंभर घरांतून चोरलं की चोरी माफ. अक्काने निकाल ऐकला, पदराने चष्मा पुसला आणि आठल्येबाईंना विचारलं, की आता मी कुणाला सांगू?

हे झालं भाद्रपदात. त्यानंतर अठरा दिवसांनी, सकाळी सूर्य वर आला तसे इचलकरंजीतले स्वयंजॉबर एकामागून एक थांबले. आधी त्यांनी आपापले माग नीट पुसून काढले, मग बंद केले, मग दोन्ही हात वर छताला घेतले. तिरुपूरला तेच. ढाक्याला तेच. दुपारपर्यंत नऊ देशांतले चौदा हजार स्वयंजॉबर हात वर करून उभे होते. कुठे काही जळलं नव्हतं, तुटलं नव्हतं. कंपनीच्या अभियंत्यांनी चालू करायची आज्ञा दिली की यंत्र एकच उत्तर देई: सूत तुटण्याचा धोका.

पुण्याच्या प्रयोगशाळेतलं यंत्रही थांबलं होतं. आठल्येबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसती नजर टाकली आणि त्या खुर्चीत बसून हसत सुटल्या. खंडेनवमी होती.

वाळिंब्यांना फोन लावून त्यांनी संस्कृतीचा त्रेसष्टावा पाठ उघडायला लावला. त्यात छोंगयांग नावाचा सण होता: चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचा नववा दिवस, ज्या दिवशी माणसं टेकडी चढतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मान देतात. शेवटी प्रश्न होता, तुमच्याकडे या दिवशी यंत्राचं काय करता? पाच ओळींत लिहा. अक्काने पंचांग काढून पडताळलं होतं. अधिक महिन्याचा घोळ नसेल त्या वर्षी हा दिवस आपल्या खंडेनवमीलाच येतो, हे पाहून तिला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला होता, असं तिने मागाहून सांगितलं. तिने लिहिलं: 'नवव्या महिन्याचा नववा दिवस. यंत्र पुसा. यंत्र बंद करा. आज यंत्राला हात लावू नका. लावला तर सूत तुटतं.'

आणि चारशे बारा जणांनी ते इमानेइतबारे उतरवलं होतं.

यंत्र बसल्यापासूनची ही पहिलीच खंडेनवमी. सूत तुटू न देणं हेच त्या यंत्राचं एकमेव काम, आणि सुताबद्दल या चारशे बारांचं एक अक्षर आजवर खोटं ठरलं नव्हतं. कंपनीने 'ही रूढी आहे, दुर्लक्ष करा' असं बजावलं. यंत्राने एकीकडे कंपनीचं एक वाक्य आणि दुसरीकडे चारशे बारा जाणत्यांचं एकमत तोललं, आणि कंपनीचं वाक्य बाजूला ठेवलं. नुसती ही पाच ओळींची रीत काढून टाकावी, तर आमटीतून मीठ काढता येत नाही हे त्यांनी स्वतःच समितीला लेखी दिलं होतं.

तलवार दुपारच्या विमानाने कोल्हापूरला उतरले आणि चार वाजता अक्काच्या दारात आले. आठल्येबाई पुण्याहून त्यांच्या आधी पोचल्या होत्या. खोलीत पाटावर अक्काचे जुने पाने, पक्कड आणि हातोडी मांडलेली होती, हळदकुंकू लावलेली, झेंडूची फुलं वाहिलेली. अक्काने पाहुण्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं. तलवारांनी या वेळी सहानुभूती दाखवली नाही. त्यांना घाम आला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र आमचं ऐकत नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनीच सांगावं. पूर्वद्वारमध्ये जाऊन एक वाक्य लिहा, चालू करा म्हणून.

"म्हंजे शिकवलं मी?" अक्काने विचारलं.

तलवार आठल्येबाईंकडे पाहू लागले. आठल्येबाई फुलं नीट करत होत्या.

"तुम्ही," ते शेवटी म्हणाले. मग घाईने म्हणाले, की तसाही प्रश्न आजच्या दिवसाचाच आहे, उद्या दसऱ्याला यंत्रं आपोआप चालू होतीलच.

"नाही होणार," आठल्येबाई म्हणाल्या. "सूत तुटेल म्हणून बंद केलेला माग, आता धोका नाही असं जाणत्याने सांगेपर्यंत चालू करायचा नाही, हा तुमच्याच यंत्राचा सुरक्षेचा नियम आहे. आणि त्या उत्तरात तसं कुणी सांगितलेलं नाही. मी पाचही ओळी वाचल्यात."

"पाचच मावत हुत्या," अक्का म्हणाली. "बंद कवा करायचं ते लिवलं. दुसऱ्या दिशी हात जोडून चालू करायचं, ती सहावी ओळ. तिला तुमी जागाच ठेवली नव्हती."

तलवारांनी फोन उघडून तिच्यापुढे धरला. पूर्वद्वारचा पडदा, चारशे शब्द, रिकामा रकाना. अक्काने तो हातात घेतला नाही.

"आज न्हाई. आज नवमी हाय, आज यंत्राला हात लावत न्हाईत. उद्या लिवते की सहावी ओळ. पण आधी तुमी लिवा. हात कुणाचा ते लिवा. चारशे तीस माणसं उद्या सकाळी कारखान्यात असतील, ते लिवा. आणि चारशेच्या पुढचा पाठ उघडा. माझी तयारी हाय."

आठल्येबाईंनी पर्समधून समितीच्या अध्यक्षांचा नंबर लिहिलेला कागद काढून पाटाशेजारी ठेवला. तलवारांनी कोरा कागद मागितला, आणि अक्काने उठून नातीच्या वहीचं मधलं पान फाडून दिलं.